अशूची लिंक आणि दस्तगीरचं कमिशन

आजपर्यंत मी एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतलेली नाही. भाजी नाही, चप्पल नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. (गोळीचा भाव सगळीकडे सारखाच असतो हे मला ठाऊक आहे. पण चार दुकानं हिंडेपर्यंत डोकं आपोआप दुखायचं थांबतं आणि गोळी वाचते.) लग्नाच्या वेळी मी पहिलंच स्थळ पसंत केलं, तर आमचे वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. दुसरं बघितल्याशिवाय पहिलं चांगलं हे तुला कळलं कसं, असा त्यांचा प्रश्न होता. (महानंदा, म्हणजे तेच ते पहिलं स्थळ, हे वाचणार आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, तेवढी एक खरेदी चांगली झाली.)

भवानी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दारावर 'दुकान खाली करणे आहे, शेवटचे तीन दिवस' असा कापडी बोर्ड आहे. तो लावून अकरा वर्षं झाली. मधे एकदा उन्हानं अक्षरं उडाली तेव्हा मी नवा रंगवून घेतला.

आणि आमच्याकडे दस्तगीर आहे. दस्तगीर रिक्षा चालवतो. अक्कलकोटला जाऊन आलेली बाहेरगावची मंडळी स्टेशनाकडे निघाली की हा त्यांना म्हणतो, सोलापुरात येऊन चादर न घेता जाणार काय, माझ्या ओळखीचं दुकान आहे, एकदम खरा भाव. मग दारात रिक्षा थांबवून तो मोठ्यानं ओरडतो, "सेठ, घर के लोगां हैं, बराबर भाव लगाव." याचा अर्थ असा की, सेठ, माझं कमिशन धरून भाव सांगा. मी धरतो. त्यामुळे एक गोष्ट माझ्या हाडात मुरली आहे. जो आपल्याला एका ठरावीक दुकानात घेऊन जातो, त्याचा त्या दुकानात हिस्सा असतो. हा माझा समज नाही, धंदा आहे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचा घोळ याच शहाणपणातून झाला.

आम्हाला एकच मुलगी, अश्विनी. आम्ही अशू म्हणतो. ती आठ वर्षांची असताना दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्याबरोबर एका ट्रकच्या गेमची सीडी फुकट आली. (चार दुकानं हिंडल्याचं फळ. पाचव्यात गेलो असतो तर टेबलही मिळालं असतं.) उन्हाळ्याच्या दुपारी पेठेत चिटपाखरू नसायचं. तेव्हा आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर तो ट्रक चालवायचो. डावं-उजवं माझं, जोर आणि ब्रेक तिचा. मी उजव्या बाजूच्या बाणांवर बोटं ठेवायचो, ती डाव्या बाजूच्या दोन अक्षरांवर. तिचा हात पोचायचा नाही, म्हणून दहा चादरींचा एक गठ्ठा मी टेबलाशेजारी ठेवला होता आणि त्यावर ती बसायची. समोर वळण दिसलं की मी ओरडायचो, हळू, हळू. ती हमखास जोर वाढवायची. आम्ही किती ट्रक दरीत घातले त्याला गणती नाही.

अशू इंजिनियर झाली आणि गुरुग्रामला नोकरीला लागली. त्याला दोन वर्षं झाली. महानंदा अजूनही चहाला तीन कप आधण ठेवते आणि मग तो तिसरा कप आम्ही दोघांत वाटून पितो, त्यामुळे माझी ॲसिडिटी वाढली आहे. तो चादरींचा गठ्ठा मी विकायला काढलेला नाही. असली नक्षी आता कोण घेतं, म्हणून पडून आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. खरं कारण सांगायला लाज वाटते. गठ्ठा उचलला की तिथली फरशी दिसेल आणि मग ती येणार नाही हे पक्कं होईल, असं मला वाटत आलंय.

एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. त्या ट्रकच्या गेमचा नवा भाग आलाय आणि आता वेगवेगळ्या गावांत बसून दोघांना खेळता येतं, म्हणाली. मे महिन्यातले चार रविवार तिला सुट्टी होती. जूनपासून कामाच्या वेळा बदलणार होत्या आणि रविवारही जाणार होता.

"पप्पा, चार रविवार, दुपारी चार वाजता," ती म्हणाली. "मी गेम घेतलाय. तुम्हाला लिंक पाठवते, ती तेवढी उघडा. बाकी काही करू नका."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला की समोर आलेल्या गिऱ्हाईकाला मी टॉवेल खऱ्या भावात दिला. (त्याचा विश्वास बसला नाही. तो न घेताच गेला.)

थोड्या वेळानं लिंक आली. निळी, लांबलचक. मी त्यावर बोट नेलं आणि माझ्या कानात दस्तगीर ओरडला. घर के लोगां हैं, बराबर भाव लगाव.

आता पोटची पोर बापाकडून कमिशन खाईल असं मला वाटलं नाही. एवढा मी वाईट नाही. पण पोर भोळी आहे, कुणीतरी तिला या दुकानात नेलं असणार, आणि आता तिच्या हातून मलाही तिथेच नेतायत, असं वाटलं. तिनं घेतला असेल चढ्या भावात. निदान मी तरी दुकानदाराला वरचढ होऊ देणार नाही. तोच गेम स्वस्तात घेऊन तिला दाखवतो, म्हणजे पोरगीही व्यवहार शिकेल. मी लिंक तशीच ठेवली आणि बाजारात उतरलो. म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसलो.

गेम विकणारी दुकानं इंटरनेटवर ढिगानं आहेत. आमच्या पेठेत चादरींची नसतील एवढी. पहिल्या दुकानात गेलो, गेम पिशवीत टाकला, भाव बघितला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे काही न बोलता पायऱ्या उतरलो. म्हणजे पान बंद केलं. पेठेत गिऱ्हाईक असं उतरायला लागलं की दुसऱ्या पायरीवर त्याला हाक मारायची असते. इथे कोण मारणार, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला. तुम्ही पिशवीत काहीतरी विसरलात, परत या, दहा टक्के कमी करतो!

मला भरून आलं. एवढं मोठं परदेशी दुकान, पण रीत आमचीच. मी महानंदाला हाक मारून तो मेल दाखवला. ती म्हणाली, मग घ्या की. मी म्हणालो, पहिल्या हाकेला परत फिरणारा माणूस व्यापारी नव्हे. मी पुन्हा पिशवी भरली, पुन्हा पायऱ्या उतरलो. असं सात वेळा केलं. पुढे मेल यायचा थांबला आणि ते दहा टक्केही गेले. दुकानदार मानी निघाला.

दुसऱ्या दुकानात मदतीला एक बाई होती. कोपऱ्यातल्या चौकटीतून ती म्हणाली, मी आपली काय मदत करू. मी इंग्रजीत लिहिलं, डिअर मॅडम, काइंडली टेल लास्ट रेट. तिनं मला पासवर्ड कसा बदलायचा ते सांगितलं. मी विचारलं, डझनाचा भाव काय. तिनं पुन्हा पासवर्डच सांगितला. बाई मुरलेली आहे हे मी ओळखलं. भावाचा विषय निघाला की दुसरीकडे बघून बोलायचं, हे आमचे वडील करायचे. तासभर आमची अशी झटापट झाली आणि शेवटी महानंदानं मागून वाचून सांगितलं की अहो, हे मशीन आहे, ह्याला बाई काय म्हणायलात. तोपर्यंत मी तिला चहाचं विचारून बसलो होतो.

पहिला रविवार असा उगवला तेव्हा माझ्याकडे गेम नव्हता. चारला अशूचा फोन आला. गिऱ्हाईक बसलंय, असं मी सांगितलं. ती म्हणाली, लिंक पुन्हा पाठवते, मी थांबते, या तुम्ही. साडेपाचपर्यंत ती थांबली. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी रिकाम्या दुकानात त्याच दोन दुकानांचे भाव पुन्हा वाचत बसलो होतो.

पुढच्या शनिवारी मला तिसरं, हिरव्या रंगाचं दुकान सापडलं. तिथं तोच गेम जवळजवळ निम्म्या भावात होता आणि वर घड्याळ उलटं पळत होतं. सवलतीची फक्त बारा मिनिटं शिल्लक. आयुष्यभर लोकांना शेवटचे तीन दिवस सांगून चादरी विकणारा मी, शेवटची बारा मिनिटं बघून घाबरलो आणि धडाधड कार्डाचे आकडे घातले. खरेदी झाल्यावर सहज पुन्हा बघितलं, तर घड्याळ नव्यानं बारापासून सुरू झालं होतं. मला राग आला नाही. आपल्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या रविवारी सकाळपासून गेम उतरवायला लावला. आमचा कॉम्प्युटर अशूपेक्षा आठच वर्षांनी लहान आहे. दुपारपर्यंत तो इतका तापला की वर पापड भाजले असते. त्याच वेळी मल्लू आला. मल्लू म्हणजे महानंदाचा धाकटा भाऊ. वळसंगला असतो, शेळ्या-मेंढ्या आहेत, सोलापुरात बाजाराला आला की जेवायला आमच्याकडे. त्यानं आधी कॉम्प्युटरला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं.

"दाजी, ह्येला ताप हाय," तो म्हणाला. "मेंढराला असं झालं तर आमी ओलं फडकं टाकतूय."

टॉवेलच्या दुकानात ओल्या फडक्याला काय तोटा. त्यानं चांगल्यापैकी एक टॉवेल माठात बुचकळला आणि मी नको म्हणायच्या आत कॉम्प्युटरवर पांघरला. दोन मिनिटं खरंच बरं वाटलं. आवाज कमी झाला. मल्लू मिशीवरून हात फिरवत म्हणाला, बगा. मग टॉवेलाचं पाणी ओघळत खालच्या एक्स्टेंशन बोर्डात गेलं आणि एक फाटकन आवाज झाला. आमच्या दुकानातली वीज गेली, शेजारच्या दुकानातली गेली आणि समोर लस्सीवाल्याचं मशीन घरघरत थांबलं. मे महिन्यातली दुपारची चारची वेळ. दहा मिनिटांत अर्धी पेठ घाम पुसत आमच्या दारात उभी होती. (घाम पुसायला टॉवेल मीच पुरवले. सगळे ते घेऊन गेले.)

त्या गर्दीत फोन वाजत होता. वीज गेलीय, एवढंच मी अशूला सांगितलं. का गेली ते सांगितलं नाही. ती म्हणाली, काही हरकत नाही पप्पा, अजून दोन आहेत. अजून दोन आहेत, हे तिनं ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी ओळखतो. लहानपणी यात्रेत पाळणा बंद निघाला तेव्हाही ती असंच म्हणाली होती.

तिसऱ्या रविवारी मात्र मी तयार होतो. वायरमन येऊन गेला होता, कॉम्प्युटर वाचला होता, गेम उतरला होता. टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून लावला आणि मी स्वतः उकडत बसलो. पावणेचारला गेम सुरू केला. एक टोलनाका दिसला, त्याच्या अलीकडे माझा ट्रक उभा, लांबवर डोंगर. चित्र थांबत थांबत येत होतं, पण येत होतं. अलीकडच्या बाजूला नाक्यावरचा माणूस हात हलवत होता. त्याचा हात वर गेला की खाली यायला वेळ लागत होता.

चारला फोन आला. मी तो चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"आलात का पप्पा?"

"आलो की. टोलनाक्यापाशी उभा आहे."

"मीही टोलनाक्यापाशीच आहे. तुम्ही दिसत नाही."

मी म्हणालो, थांब, हॉर्न वाजवतो. जोरात वाजवला.

"ऐकू आला!" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "फोनमधून ऐकू आला, पप्पा."

मी म्हणालो, नाक्याच्या पलीकडे येऊन बघतो. पण ट्रक हलेना. डावं-उजवं मला येत होतं, जोर कुठून द्यायचा हे मला कधी माहीतच नव्हतं. सतरा वर्षं गाडी चालवतोय या समजात होतो मी, आणि अर्धी गाडी ती चालवत होती. चाचपडत ते डावीकडचं अक्षर सापडलं, दाबलं, तर ट्रक सुटला आणि नाक्यावरच्या त्या हात हलवणाऱ्या माणसाच्या खोपटात शिरला. तिकडे अशू विचारत होती, कुठे आहात, आलात का, मला अजून दिसत नाही. मी एकाच गावात, एकाच नाक्यावर, माझ्या लेकीला शोधत होतो आणि ती मला. दोघांच्या समोर तोच डोंगर होता.

"पप्पा, लिंक उघडली होती ना?" तिनं विचारलं.

खरं सांगायची ती वेळ होती. पण तीन आठवड्यांचा शहाणपणा वाया गेला हे कबूल करवेना. उघडली की, असं मी म्हणालो.

"मग नेटचा घोळ असेल," ती म्हणाली. "राहू दे आता. तुम्ही दमला असाल."

फोन बंद झाला. मी दमलो नव्हतो. मला नुसतं तिथं बसून राहावंसं वाटत होतं, म्हणून सहा वाजेपर्यंत त्या खोपटात शिरलेल्या ट्रकमध्ये बसून राहिलो. लेक आठवते म्हणजे काय होतं, हे कुणी विचारलं तर मला तो टोलनाका दाखवावा लागेल.

मधल्या आठवड्यात मल्लू पुन्हा आला. (ओल्या टॉवेलनंतर तो इतक्या लवकर तोंड दाखवेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याच्या मते चूक टॉवेलाची होती, पिळून टाकायला हवा होता.) मी त्याला सगळं सांगितलं. लिंक, तीन दुकानं, निम्मा भाव, टोलनाका. त्याला कॉम्प्युटरमधलं शष्प कळत नाही. तरी तो मन लावून ऐकत होता.

"पोरगीनं येका दुकानातनं घेतला," तो म्हणाला, "आन तुमी दुसऱ्या. व्हय ना? मग तिची शेळी तिच्या दावणीला, तुमची तुमच्या दावणीला. भेटत्याल कशी?"

मी पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"आन दाजी, येक इचारू? पोरीनं सांगितल्यालं दुकान सोडून तुमी गेलाच का?"

मी त्याला दस्तगीरचा सिद्धांत समजावून सांगितला. हिस्सा, कमिशन, बराबर भाव. मल्लू जनावरांच्या बाजारात हातावर टॉवेल टाकून त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतो, त्यामुळे त्याला पटेल अशी माझी खात्री होती. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"आमीबी लई घासाघीस करतूय, दाजी," तो म्हणाला. "पर घरातल्या माणसासंगं टॉवेल टाकत न्हाय."

त्यानंतर तो जेवला आणि गेला. मला जेवण गेलं नाही.

चौथा रविवार आला. शेवटचा. सकाळी मी महानंदाला सगळं कबूल केलं. ती रागावेल म्हणून तयारीत होतो, पण ती नुसती बघत राहिली. तिला ओरडताना बघायची मला सवय आहे, नुसतं बघताना बघायची नाही. मग ती म्हणाली की दर रविवारी साडेपाचला अशू तिला फोन करत होती. पप्पांना आता माझ्याबरोबर खेळावंसं वाटत नाही का गं, असं तिनं गेल्या वेळी विचारलं होतं.

दुपारी पावणेचारला आम्ही दोघं दुकानात बसलो. मी कार्ड हातात धरून होतो. ठरवलं होतं की अशूच्याच दुकानात घ्यायचा, जो भाव असेल तो द्यायचा, हूं की चूं करायचं नाही. चारला लिंक आली. अशूनं पुन्हा पाठवलेली. बोट नेलं आणि पुन्हा मागे घेतलं. अकरा वर्षांचा बोर्ड काय एका दिवसात उतरतो?

"सरका," महानंदा म्हणाली आणि तिनंच उघडली.

भाव आला नाही. पिशवी आली नाही. कार्ड कुणी मागितलं नाही. पडदा एकदा काळा झाला आणि समोर ट्रकची केबिन आली, काच, काचेपलीकडे तोच टोलनाका. यावेळी नाक्यावरच्या माणसाचा हात झरझर हलत होता. गठ्ठ्यावरच्या फोनमधून आवाज आला.

"पप्पा, तुम्ही दिसलात."

मी विचारलं, अगं, पण पैसे कुठे भरायचे.

"कसले पैसे?" ती म्हणाली. "मी घेतलाय ना. गेम माझ्याकडे चालतो, तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. एकानं घेतला की दोघांना पुरतो. पाच दुकानं बघितली मी, पप्पा. बाकीच्या ठिकाणी स्वस्त होता. पण तिथं दोघांना एका गाडीत बसता येत नव्हतं."

पाच दुकानं. मी तीनच बघितली होती. आणि तिनं भाव सोडून दुसरंच काहीतरी बघितलं होतं, जे बघायचं असतं हे मला छप्पन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मी तिला सगळं सांगून टाकलं. हिरवं दुकान, बारा मिनिटं, ओला टॉवेल, खोपटात शिरलेला ट्रक. मग ती हसायला लागली. महानंदा हसायला लागली. मीही हसलो, पण चष्मा पुसावा लागला.

"चला," अशू म्हणाली. "डावं-उजवं तुमचं."

मी बाणांवर बोटं ठेवली. ट्रक हलला. जोर माझा नव्हता, गुरुग्रामहून येत होता. नाका मागे पडला, रस्ता सुरू झाला, पुढे वळण दिसलं. मी ओरडलो, हळू, हळू. तिनं जोर वाढवला.

नेमक्या त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. दस्तगीरनं चांगली पाच जणांची पार्टी आणली होती. "सेठ, घर के लोगां हैं," त्यानं आवाज दिला. त्यातल्या एका बाईंची नजर दुकानभर फिरली आणि नेमकी टेबलाशेजारच्या गठ्ठ्यावर येऊन थांबली. असली जुनी नक्षी आता मिळत नाही, म्हणाल्या. दहाच्या दहा घेऊ, भाव सांगा. दोन वर्षं त्या गठ्ठ्याकडे एकाही गिऱ्हाईकानं बघितलं नव्हतं. आणि आता त्यावर फोन होता, आणि फोनमधून माझी मुलगी ओरडत होती की पप्पा, डावीकडे, डावीकडे!

मी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं की हा गठ्ठा विकायचा नाही. मग आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. समोरच्या दुकानात जा, म्हणालो, तिथं चादरी चांगल्या आहेत आणि माझ्यापेक्षा स्वस्त मिळतील. बाई चकित होऊन बोर्डाकडे बघत निघून गेल्या. महानंदानं कपाळाला हात लावला. दस्तगीर दारातच उभा. त्याला वाटलं, सेठला ऊन लागलं.

साडेपाचला ट्रक मुक्कामाला पोचला, एकही दरी न लागता. दस्तगीर तोपर्यंत पायरीवर बसून होता. समोरचा दुकानदार कमिशन देत नाही, पार्टी तुम्ही घालवली, तर माझा हिस्सा तुम्हीच द्यायचा, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. हिशोबाला धरून होतं. मी गल्ला उघडला आणि तो म्हणाला तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

त्यानं ते दोनदा मोजले. छप्पन्न वर्षांत मी पहिल्यांदाच घासाघीस केली नव्हती, आणि ती अशा मालावर, जो मी विकलाच नव्हता.